हॉटेलात पहिली वाटी लेकराची



आज आपण घराबाहेरच्या जेवणाबद्दल बोलणार आहोत, आणि तेही आपल्या कडेवरच्या, बोट धरून चालणाऱ्या लेकरांच्या जेवणाबद्दल. "आम्ही कुठं हॉटेलात जेवायला जातो?" असं तुमच्यातली कुणीतरी लगेच म्हणेल. पण गेल्या महिन्याचे दिवस जरा बोटांवर मोजून बघा. तालुक्याच्या बाजाराचा दिवस, बँकेत गटाचे पैसे भरायला गेलो तो दिवस, सासूबाईंना दवाखान्यात नेलं तो दिवस, माहेरी जाताना स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो तो दिवस. शिवाय एखादं लग्न, एखादी जत्रा. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं, आणि पाच वर्षांखालच्या पोराला तर तिकीटच नाही. त्यामुळे आपलं जाणं-येणं वाढलं. ते चांगलंच झालं. पण अशा प्रत्येक फेरीत लेकराचं एक जेवण घराबाहेर होतं. ते जेवण म्हणजे पुष्कळदा चहात बुडवलेलं बिस्किट, नाहीतर भज्याचा मऊ तुकडा, नाहीतर पाच रुपयांची कुरकुरीत पुडी.

आम्ही हॉटेल म्हणतो तेव्हा त्यात स्टँडवरचं कॅन्टीन आलं, बाजारातली चहाची टपरी आली, खानावळ, ढाबा आणि वडापावची गाडीही आली. तिथं लेकराला काय द्यायचं, काय टाळायचं, कसं मागायचं, हे आज बघू. सगळ्यात एक गोष्ट पक्की धरा. हॉटेलात बसल्यावर लेकराचं आधी मागवायचं, गरम मागवायचं, बिनतिखट मागवायचं, आणि मागताना लाजायचं नाही.

लेकराचं पोट केवढं?

वर्षभराचं, आठ-नऊ किलोचं बाळ घ्या. त्याच्या पोटात एका वेळी साधारण एक वाटीभर अन्न मावतं. त्या एका वाटीत आपण काय भरतो, यावर सगळं आहे. अर्धा कप गोड चहा आणि दोन बिस्किटं गेली की वाटी भरली. पोरगं रडायचं थांबतं, आपल्याला वाटतं पोट भरलं. भरलं खरं, पण साखर, मैदा आणि पाणी यांनी. मग दुपारी भात पुढे केला तर ते तोंड फिरवतं आणि आपण म्हणतो, "हा जेवतच नाही."

मोठ्या माणसाचं एक जेवण हुकलं तर रात्री दोन भाकरी जास्त खाऊन भरून निघतं. लेकराची वाटी लहान, त्यामुळे दुपारचं राहिलेलं रात्री मावत नाही. म्हणून त्याला थोडं-थोडं आणि पुन्हा-पुन्हा खाऊ घालावं लागतं. आठवड्यातले एक-दोन दिवस बाहेर जाणार असतील, तर ते दिवस मोजणीत धरायलाच हवेत.

चहाची आणखी एक गोष्ट आहे. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागायला अडथळा होतो. लोह कमी पडलं की रक्त कमी होतं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची मुलं तपासली, तेव्हा शंभरातल्या जवळपास ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी निघालं. हे सगळं चहानं झालं असं कुणी म्हणणार नाही. पण जिथं आधीच कमी आहे, तिथं लेकराला चहाची सवय लावणं म्हणजे गळक्या हंड्याला आणखी एक भोक पाडणं. पाच वर्षांखालच्या मुलाला चहा नकोच, बशीतला दोन घोटही नको.

वयाप्रमाणे काय?

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध. बाहेर ऊन असो, लांबचा प्रवास असो, पाणीसुद्धा नको. आईच्या दुधात पुरेसं पाणी असतं. उन्हात बाळाला जास्त वेळा पाजायचं आणि आपण स्वतः भरपूर पाणी प्यायचं. या वयात बाळाचं हॉटेल म्हणजे आईच. पदर घेऊन कुठंही पाजा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. राज्यातल्या अनेक एसटी स्थानकांवर यासाठी हिरकणी कक्ष केलेले आहेत. बाळाच्या ओढीनं रात्री रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीचं नाव त्या खोलीला दिलंय. खोली बंद दिसली तर स्थानकप्रमुखांकडे किल्ली मागा. ती खोली आपल्यासाठीच आहे.

सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू होतं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत न्यायचं, दिवसातून दोन-तीनदा. इथं वाटी म्हणजे पाव लिटरची, घरची मोठी वाटी. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी, दिवसातून तीन-चारदा. एक वर्ष ते दोन वर्षांत पाऊण ते एक वाटी, तीन-चारदा, आणि मधे एक-दोनदा खाऊ. आईचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवायचं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अन्नात वरून मीठ-साखर नको. हॉटेलातल्या भाजी-आमटीत मीठ, तेल, तिखट सगळंच सढळ असतं, म्हणून या वयाला हॉटेलातला साधा भात चालेल, भाजी-आमटी नको.

दोन वर्षांपुढचं मूल घरात आपल्याबरोबर सगळं खातं. तरी हॉटेलातलं तिखट त्याला झेपत नाही. त्यानं आपल्या हातानं खाल्लं तर उत्तमच. सांडेल, सांडू द्या.

आणखी एक लक्षात ठेवा. जो पदार्थ बाळानं आजवर खाल्लेला नाही, तो पहिल्यांदा बाहेर चाखवू नका. अंडं, मासे, शेंगदाण्याचं कूट हे पहिल्यांदा घरी, थोडं, दिवसा द्या. अंगावर पुरळ उठलं, उलटी झाली, तर लगेच लक्षात येतं आणि दवाखान्यातही वेळेत जाता येतं.

मागायचं कसं?

हॉटेलात शिरलं की काय होतं? घरधनी काउंटरवर जाऊन सगळ्यांसाठी मिसळ सांगून येतात. मिसळ येते, तर्री लालभडक. मग आपण पावाचा आतला मऊ भाग काढतो, पाण्यात नाहीतर चहात बुडवतो आणि लेकराला भरवतो. आपली मिसळ तोवर गार. म्हणजे लेकरू नीट जेवलं नाही आणि आपणही नाही.

त्याऐवजी बसल्याबरोबर आपण विचारायचं, "दादा, लेकरासाठी एक वाटी साधं वरण आणि थोडा भात मिळेल का? फोडणीचं नको, तिखट नको."

दादा म्हणेल, "ताई, वरण सगळं फोडणीचंच आहे."

मग म्हणायचं, "बरं, मग साधा गरम भात आणि वाटीभर ताजं दही द्या." तेही नसेल तर, "इडली गरम आहे का? दोन द्या. चटणी-सांबार वेगळं ठेवा."

एवढंच बोलायचं असतं, पण आपली जीभ अडखळते. वाटतं, हॉटेलवाला काय म्हणेल, शेजारच्या टेबलावरचे बघतील. मैत्रिणींनो, आपण पैसे देणार आहोत, फुकट मागत नाही. गटाच्या बैठकीत कर्जाचा हप्ता ठणकावून मागणाऱ्या आपण, हॉटेलात लेकरासाठी बिनतिखट वरण मागायला कशाला कचरायचं? आणि आमचा अनुभव सांगतो, नीट विचारलं तर बहुतेक जण देतात. "बाळासाठी आहे" म्हटलं की आचारीसुद्धा फोडणी घालायच्या आधी एक पळी वरण बाजूला काढून ठेवतो.

पैशाचं गणितही करून बघा. मोठ्यांसाठी एक प्लेट भजी कमी मागवली की त्यात लेकराचा अर्धी प्लेट भात आणि दही येतं. काही ठिकाणी राइस प्लेटमधला भात पुन्हा वाढून देतात, ते आधी विचारून घ्या. २०२० साली दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली, त्यात दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात ठरलेला होता. तुमच्या तालुक्याला असं केंद्र चालू असेल तर लेकरासाठी तिथलं वरण-भात चांगलं.

भरवायची पाळी लावून घ्या. आधी आई भरवेल आणि बाबा जेवतील, मग बाबा लेकराला घेतील आणि आई गरम जेवेल. भरवणं हे काही एकट्या आईच्या नावावर लिहिलेलं नाही.

पाटीवरचं काय चालेल?

वरण-भात, दही-भात: सगळ्यात बरं. भात बोटानं मऊ कुस्करा, हवं तर उकळलेलं पाणी घालून पातळ करा. घरचं तूप असेल तर अर्धा चमचा घाला.

इडली: वाफेवर उकडलेली, मऊ, बिनतिखट. आठ-नऊ महिन्यांच्या बाळालाही दुधात किंवा साध्या वरणात कुस्करून देता येते. चटणी ओल्या खोबऱ्याची, सकाळी वाटलेली असते. उन्हात ती लवकर आंबते, म्हणून ती लेकराला नको.

उपमा आणि पोहे: गरम असतील तर वर्षापुढच्या मुलाला चालतात. शेंगदाणे, मिरचीचे तुकडे, कढीपत्ता वेचून काढा. पोहे कोरडे असले तर घशाला चिकटतात, थोडं दही घालून मऊ करा. पोह्यावर लिंबू पिळायला विसरू नका. लिंबामुळे अन्नातलं लोह अंगी लागायला मदत होते.

उकडलेलं अंडं: अंड्याच्या गाडीवर, आपल्यासमोर सोललेलं. पिवळा बलक भातात कुस्करा, पांढऱ्याचे बारीक तुकडे करा. आधीच सोलून ठेवलेलं घेऊ नका.

चपाती किंवा फुलका: साध्या वरणात दहा मिनिटं भिजवून, चुरून.

केळं: हॉटेलात काहीच जमलं नाही तर बाजारात केळं मिळतंच. साल ही त्याची स्वच्छ पिशवी. कापून ठेवलेली कलिंगडाची फोड, पपईची फोड मात्र नको. माशा कुठं बसल्या, सुरी कुठल्या पाण्यात धुतली, ते आपल्याला दिसलेलं नसतं.

मिसळ खायचीच असेल तर वर कट ओतण्याआधी वाटीभर उसळ वेगळी मागा. तीही तिखट लागली तर सोडून द्या.

वडा, भजी, समोसा यांनी एका दिवसात काही आभाळ कोसळत नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलानं वड्यातली बटाट्याची भाजी चार घास खाल्ली तर चालेल. पण ते त्याचं जेवण झालं असं धरू नका. साबुदाण्याची खिचडी लहानांना टाळा, ती चिकट असते, त्यात शेंगदाण्याचे तुकडे असतात, आणि नुसत्या साबुदाण्यात पिठूळपणाखेरीज फारसं काही नसतं. थंड पेयं, बर्फाचा गोळा, पुडीतले कुरकुरे पदार्थ हे पैसे खर्चून भूक मारण्याचे उद्योग आहेत. गोळ्याचा बर्फ कुठल्या पाण्याचा, हे गाडीवाल्यालाही ठाऊक नसतं.

पिशवीत काय असावं?

निघताना एक छोटी पिशवी लेकराची म्हणून वेगळी भरा. तिच्यात एवढं असावं:

उकळून गार केलेलं पाणी, स्टीलच्या बाटलीत.
लेकराची वाटी आणि चमचा. दूध पाजायची रबरी बुचाची बाटली नको, ती बाहेर नीट धुता येत नाही आणि जुलाबाचं ते एक मोठं कारण आहे.
साबणाचा तुकडा आणि स्वच्छ फडकं.
मेतकुटाची पुडी आणि लहान डबीत तूप.
एक-दोन केळी, किंवा हातानं चुरून देता येईल असा नाचणीचा मऊ लाडू.

मेतकूट आम्ही मुद्दाम सांगतोय. तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ भाजून केलेलं ते पीठ, कोरडं असल्यामुळे पिशवीत खराब होत नाही. लेकरासाठी करताना मिरची घालू नका, वर्षाच्या आतल्या बाळासाठी मीठही नको. हॉटेलात फक्त साधा गरम भात मागायचा, वर मेतकूट आणि तूप घालून कालवायचं. बाळाचं घरचं जेवण तयार. भातसुद्धा मिळाला नाही तर पिकलेल्या केळ्यात भागतं.

घरून खिचडी किंवा वरण-भात नेत असाल तर वेळेचं भान ठेवा. शिजवलेलं ओलं अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी. सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकला उघडून बाळाला देऊ नका. वास आला नाही म्हणजे अन्न चांगलं आहे असं नसतं.

हात, पाणी, भांडं

हॉटेलात बसण्याआधी नजर फिरवा. भात-वरणाचं पातेलं झाकलेलं आहे का? त्यातून वाफ येतेय का? जेवलेल्या ताटल्या एकाच टोपातल्या गढूळ पाण्यात बुचकळतात का? जिथं गिऱ्हाईक सारखं येतं-जातं तिथं अन्न ताजं असण्याची शक्यता जास्त. रिकाम्या हॉटेलातली सकाळची भाजी संध्याकाळपर्यंत पुरवलेली असू शकते.

नोटा, एसटीचा दांडा, पिशव्या धरलेले हात साबणानं धुतल्याशिवाय बाळाला घास देऊ नका. लेकराचेही हात धुवा, त्यानं तर जमिनीवरचंही धरलेलं असतं. टेबल पुसायचं हॉटेलातलं फडकं बाळाच्या तोंडाला लावू नका.

टेबलावरच्या जगातलं पाणी बाळाला नको. जारचं गार पाणी गार असतं, ते शुद्ध असेलच असं नाही. घरचं पाणी संपलं तर हॉटेलात उकळी फुटलेलं पाणी मागा, चहाच्या आधणाशेजारी ते असतंच. आपल्या वाटीत घेऊन निवू द्या. विकतची बाटली घेतली तर बुचाचं सील आपल्यासमोर तुटलं पाहिजे.

वर्तमानपत्राच्या कागदात भजी, पोहे बांधून देतात. छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या नियमांनी असा कागद वापरायला मनाई आहे. "दादा, कागदात नको, माझ्या डब्यात द्या," असं म्हणायची सवय लावून घ्या.

ठसका आणि भाजणं

बाहेर खाताना दोन अपघात पटकन होतात.

पहिला घशात अडकण्याचा. शेंगदाणे, फुटाणे, रेवडी, चिक्की, अख्खी द्राक्षं, कडक गोळी, सुपारीचा तुकडा, हे पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात देऊ नका. एसटी हलत असताना, मूल पळत किंवा हसत असताना काही भरवू नका. मासे-मटण देताना काटा, हाड आपल्या बोटांनी चाचपून बघा.

ठसका लागला आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, घशात बोट घालू नका. खोकता येत नाही, आवाज निघत नाही, ओठ निळे पडतायत, असं झालं तर वेळ घालवू नका. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर डोकं खाली करून आपल्या हातावर पालथं धरा, मान-डोकं सांभाळा, आणि दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं ५ वेळा थापटी मारा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध ५ वेळा दाबा. निघेपर्यंत आळीपाळीनं हेच. वर्षापुढच्या मुलाला पुढे वाकवून पाठीवर ५ थापट्या, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर ५ वेळा आत आणि वरच्या दिशेनं दाब. एकीनं हे करायचं, दुसरीनं १०८ ला फोन लावायचा. ऐकून हे पक्कं होत नाही. गटाच्या बैठकीला उपकेंद्राच्या नर्सताईंना बोलवा आणि बाहुलीवर करून शिका.

दुसरा अपघात भाजण्याचा. चहाचा कप, आमटीची वाटी टेबलाच्या कडेला ठेवली आणि लेकरानं ओढली की झालं. गरम काही आलं की आधी टेबलाच्या मधे सरकवा. लेकराला मांडीवर घेऊन चहा पिऊ नका. भाजलंच तर त्या जागी साधं वाहतं पाणी २० मिनिटं सोडा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. फोड मोठा असेल, तोंड-हात भाजला असेल तर दवाखाना.

लग्न, जत्रा, भंडारा

लग्नाच्या जेवणात लेकराला पहिल्या पंगतीला बसवा. तेव्हा अन्न गरम असतं. तिसऱ्या-चौथ्या पंगतीपर्यंत तेच वरण तासन्‌तास मांडवात असतं. बासुंदी, खव्याची मिठाई, मठ्ठा हे उन्हात लवकर बिघडतं, लहानांना टाळलेलं बरं. "एवढंसं चाखू दे की," असं आग्रह करणारी आत्या, मामी असतेच. त्यांना दुखवू नका. "मामी, त्याचं पोट जरा नाजूक आहे, भात-वरण द्या तुमच्या हातानं," असं म्हटलं की मामीही खूश, लेकरूही ठीक.

देवळात तीर्थ-प्रसाद मिळतो. पंचामृतात मध असतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नये, चाखवायलाही नको. त्यातल्या जंतूंमुळे बाळाला अंग लुळं पाडणारा आजार होऊ शकतो. प्रसाद बाळाच्या कपाळाला लावा आणि आपण खा.

घरी आल्यावर

बाहेर खाऊन आल्यावर एक-दोन दिवस लक्ष ठेवा. जुलाब लागले तर आईचं दूध आणि नेहमीचं अन्न बंद करू नका. आशाताईंकडून ओआरएसची पुडी घ्या. एक लिटरची पूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा, चमच्या-चमच्यानं पाजत राहा, २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. झिंकच्या गोळ्या सांगतील तशा १४ दिवस द्या, जुलाब थांबले तरी मधेच सोडू नका. डोळे खोल गेले, लघवी होत नाही, मूल सुस्त पडलं, पिणं बंद झालं, प्यायलेलं सगळं उलटून पडतंय, किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच दवाखान्यात न्या.

पोळपाटाच्या पलीकडच्या बायांना

आता थोडं आपल्यातल्याच काही जणींशी. तुमच्यापैकी कितीतरी जणी गटातून खानावळ चालवतात, बाजारात थालीपिठाची गाडी लावतात, जत्रेत झुणका-भाकर केंद्र उभं करतात. गिऱ्हाईक म्हणून आपण जे मागतो, ते विक्रेती म्हणून आपणच द्यायला सुरुवात करू शकतो.

त्यासाठी फार काही लागत नाही. वरण शिजलं की फोडणी घालायच्या आधी चार-पाच वाट्या बाजूला काढून झाकून गरम ठेवा. थोडा भात मऊ शिजवा. हात धुवायच्या जागी साबण ठेवा. उकळलेल्या पाण्याचं झाकलेलं भांडं वेगळं ठेवा. आणि पाटीवर मोठ्या अक्षरात लिहा: "लेकराची वाटी: बिनतिखट वरण-भात." दर थोडाच ठेवा. ज्या आईचं मूल तुमच्याकडे नीट जेवलं, ती पुढच्या बाजाराला सगळ्या घरादाराला घेऊन तुमच्याकडेच येईल. माया आणि धंदा इथं एकाच वाटीत येतात.

ज्या गटांकडे खानावळ नाही त्यांनी दुसरं काम हाती घ्यावं. चार-पाच जणींनी मिळून बाजारातल्या नेहमीच्या हॉटेलवाल्या काकांकडे जावं आणि सांगावं, "काका, बाजाराच्या दिवशी थोडं साधं वरण वेगळं ठेवत जा. आम्ही इतक्या जणी येतो, विकत घेऊ." एकटीनं मागितलं तर ती तक्रार वाटते, पाच जणींनी मागितलं तर ते गिऱ्हाईक वाटतं. स्टँडवरचा हिरकणी कक्ष बंद असेल, तिथं पंखा-पाणी नसेल, तर गटाच्या सह्या घेऊन अर्ज द्या.

या महिन्याच्या बैठकीसाठी तीन कामं देतो. एक, प्रत्येकीनं गेल्या महिन्यात लेकराला किती वेळा बाहेर खाऊ घातलं आणि काय, ते सांगायचं. दोन, एकीच्या घरी मिळून बिनतिखट मेतकूट करायचं आणि वाटून घ्यायचं. तीन, पुढच्या बाजाराला जाल तेव्हा हॉटेलात बसल्यावर पहिलं वाक्य लेकरासाठी बोलायचं. काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवा. कुठल्या काकांनी वाटी वेगळी काढून ठेवली, कुठल्या ताईंनी पाटी लावली, हे आम्ही पुढच्या वेळी सगळ्यांना ऐकवू.

तोवर, राम राम.